पिसांच्या आंतला माणूस

मराठी भाषेंत एखाद्या मनुष्यास 'कळसूत्री बाहुलें' म्हटलें कीं त्याचा अपमान होतो. स्वतःची इच्छा नसलेला, दुसऱ्याच्या हातून नाचणारा, असा त्या शब्दांचा भाव आहे. त्यांत बाहुल्याची कींव आहे. सूत्र हालविणाऱ्याविषयीं मात्र एक अक्षरही नाहीं. याचें कारण असें कीं, विसरलें जाणें हीच त्याच्या विद्येची खूण आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी या गांवीं ठाकर समाजांतील घराण्यांनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली आहे. तेथील खेळ पाहून घरीं परतणारा प्रेक्षक बाहुल्यांचें वर्णन करतो; कोणती दोरी कोणत्या बोटांत होती, हें त्याला सांगतां येत नाहीं. ज्याचें अस्तित्व प्रेक्षक विसरून गेला, तोच खरा सूत्रधार.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाच नियम दूरचित्रवाणीलाही लागू झाला. फरक इतकाच कीं, तेथें प्रेक्षक पांचपन्नास नसून लाखोंच्या संख्येनें होते, आणि त्यांतील बहुतेकांनीं अद्यापि शाळेची पायरीही चढलेली नव्हती. अशा प्रेक्षकांपुढें जवळ जवळ पन्नास वर्षें काम करून स्वतः पडद्याआड राहिलेला अमेरिकन कलावंत म्हणजे कॅरोल स्पिनी. 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमांतील 'बिग बर्ड', म्हणजे 'मोठा पक्षी', हें पिवळें धमक पात्र जगाच्या पाठीवर असंख्य मुलांच्या ओळखीचें आहे. त्या पक्ष्याच्या आंत स्पिनी असत. मुलांना मात्र आंत कोणी असेल अशी शंकाही येत नसे.

स्पिनी यांचा जन्म २६ डिसेंबर १९३३ रोजीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वॉल्थम येथें झाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं मूल जन्मलें, म्हणून नाताळच्या गीतांवरून त्याचें नांव 'कॅरोल' ठेवण्यांत आलें. हें नांव त्या देशांत बहुधा मुलींचें. त्यांत मुलगा अंगानें किरकोळ. शाळासोबत्यांना थट्टेस एवढें कारण पुरेसें होतें. घरीं वडिलांचा स्वभाव तापट; आईचा मात्र मुलाच्या चित्रकलेस व खेळांस पूर्ण पाठिंबा. आठ वर्षांचा असतां त्यानें जुन्या वस्तूंच्या विक्रींतून पांच सेंटांस एक माकड विकत घेतलें. हातमोज्याप्रमाणें हातांत घालून नाचवावयाची ती बाहुली होती. तिच्या जोडीला कापडाचा एक साप घेऊन त्यानें खेळ लावला आणि दोन दोन सेंटांचीं तिकिटें विकून बत्तीस सेंट मिळविले. पुढच्या नाताळास आईनें त्याला 'पंच आणि जूडी' या प्रसिद्ध खेळाच्या बाहुल्या व त्यांचा छोटासा मंच घरींच तयार करून दिला. चारचौघांत दबून राहणाऱ्या मुलाला बोलण्यासाठीं आतां एक तोंड मिळालें.

पुढें वायुदलांतील नोकरी आणि बोस्टन येथें दूरचित्रवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांतील कामें, असा त्यांचा प्रवास झाला. त्याच काळांत जिम हेन्सन हे बाहुल्यांच्या कलेंत नवें युग आणीत होते. पूर्वीं बाहुलीच्या खेळास लहानसा मंच लागे आणि सूत्रधार त्याच्यामागें दडे. हेन्सन यांनीं ओळखलें कीं, दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच मंच आहे. तिच्या खालीं, कॅमेऱ्यास दिसणार नाहीं असा माणूस उभा राहिला कीं काम भागलें. १९६९ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें बाहुलीकारांच्या मेळाव्यांत स्पिनी यांनीं एक महत्त्वाकांक्षी खेळ मांडला होता. मागें चालता चित्रपट आणि पुढें बाहुल्या, अशी त्याची योजना होती. ऐन वेळीं दिव्याचा झोत पडद्यावर पडला, मागचें चित्र पुसट झालें आणि सारा खेळ कोसळला. स्पिनी खिन्न होऊन आवराआवर करीत असतां हेन्सन आंत आले. खेळ फसला हें त्यांनींही पाहिलें होतें. परंतु काय करण्याचा प्रयत्न होता, तोही त्यांनीं ओळखला होता. त्या प्रयत्नाची तारीफ करून त्यांनीं या माणसाला आपल्या कामांत बोलाविलें. फसलेल्या उत्तरांतही विद्यार्थ्याची रीत बरोबर होती हें पाहणारा परीक्षक क्वचितच भेटतो; स्पिनी यांना तो भेटला.

१० नोव्हेंबर १९६९ रोजीं 'सेसमी स्ट्रीट'चा पहिला भाग प्रसारित झाला. गरीब वस्त्यांतील मुलें शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच मागें पडलेलीं असतात. त्यांना घरच्या पडद्यावरून अक्षरें, अंक आणि शेजारधर्म शिकवावा, हा त्या कार्यक्रमाचा हेतु होता. त्यांत स्पिनी यांच्याकडे दोन पात्रें आलीं. एक हा मोठा पक्षी आणि दुसरा ऑस्कर, कचऱ्याच्या डब्यांत राहणारा, सदा कुरकुरणारा प्राणी. एकच माणूस एका घटकेस निष्पाप बालक आणि दुसऱ्या घटकेस खवचट म्हातारा होत असे. आणि पाहणाऱ्यांना ते दोघे नेहमीं वेगळेच वाटत.

हा पक्षी चालविणें हें किती कष्टाचें काम होतें, हें त्याची रचना समजून घेतल्यावांचून कळणार नाहीं. त्याची उंची आठ फूट दोन इंच. अंगावर टर्की पक्ष्याचीं, पिवळ्या रंगांत बुडविलेलीं हजारों पिसें. आंतील माणसानें उजवा हात डोक्यावर सरळ ताणून धरावयाचा; तीच पक्ष्याची मान. त्या हाताचा पंजा पक्ष्याच्या डोक्यांत. आंगठा आणि बोटें यांच्या उघडझापीनें चोंच उघडे व मिटे. करंगळी एका लहानशा कळीवर असे. ती दाबली कीं पापण्या हालत. डोक्याचें वजन सुमारें चार पौंड, आणि तें वर उचललेल्या एका हातावर तोलावयाचें. डावा हात डाव्या पंखांत. उजव्या पंखासाठीं तिसरा हात आणावा कोठून? म्हणून तो पंख बारीक तंगुसानें डाव्या पंखास जोडलेला असे. डावा खालीं गेला कीं उजवा वर येई.

एवढें करून बाहेरचें कांहीं दिसत नसे. छातीवर एक लहानसा दूरचित्रवाणी-संच बांधलेला असे आणि कॅमेरा जें टिपी तेंच त्यावर उमटे. म्हणजे कलावंतानें स्वतःकडे प्रेक्षकाच्या डोळ्यांनीं पाहत चालावयाचें. शिवाय तें चित्र आरशासारखें नसतें. आरशांत आपण डावीकडे सरकलों तर प्रतिमाही आपल्या डाव्या बाजूसच सरकते. कॅमेऱ्याच्या चित्रांत ती उजवीकडे गेलेली दिसते. ही उलटापालट अंगवळणीं पडेपर्यंत अनेक बाहुलीकार गोंधळतात. संवादाचे कागद पक्ष्याच्या पोटांतच चिकटविलेले असत. त्या उबाऱ्यांत, आंधळेपणीं, एक हात आकाशाकडे धरून स्पिनी धांवत, नाचत आणि गात असत. आणि बाहेर मुलांना दिसे तें एक आनंदी पांखरूं.

परंतु ही सारी कसरत झाली. तिच्यांत प्राण आला तो एका साध्या सूचनेनें. आरंभीं हा पक्षी वेंधळा, हास्यास्पद, गांवढळ असा लिहिला जात होता. स्पिनी यांनीं सुचविलें कीं, गांवढळ नको. हा एक लहान मुलगा असूं द्या. ही गोष्ट मान्य झाली. पक्ष्याचें वय पुढें सहा वर्षें ठरलें आणि तें कधींच वाढलें नाहीं. या बदलाचें महत्त्व शिक्षणाच्या दृष्टीनें फार मोठें आहे. गांवढळाला मुलें हंसतात. आपल्यासारख्याच मुलाच्या चुकीशीं मात्र तीं एकरूप होतात. हा आठ फुटी विद्यार्थी शिक्षकाच्या खुर्चीवर न बसतां मुलांच्या बाकावर येऊन बसला. त्याला नांवें आठवत नसत, प्रश्न विचारण्याची त्याला लाज वाटत नसे, आणि मोठ्यांचें उत्तर पटलें नाहीं तर तो पुन्हां विचारी.

या पात्राची खरी कसोटी १९८३ सालीं लागली. सेसमी स्ट्रीटवरील दुकानदार हूपर यांचें काम करणारे वृद्ध नट विल ली हे ७ डिसेंबर १९८२ रोजीं वारले. आतां मुलांना काय सांगावें? दुसरा नट आणतां आला असता. हूपर परगांवीं राहावयास गेले, असें म्हणून वेळही मारून नेतां आली असती. आपल्या घरांतून तरी दुसरें काय होतें? आजोबा गेले कीं नातवाला सांगतात, 'ते गांवाला गेले.' मग तें मूल दारांत बसून गांवाहून येणारांची वाट पाहतें. कार्यक्रमाच्या चालकांनीं मानसशास्त्र जाणणाऱ्या मंडळींचा सल्ला घेतला आणि खरें तेंच, परंतु मुलाला पेलेल अशा शब्दांत सांगावयाचें, असा निश्चय केला. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजीं दाखविण्यांत आला. तो अमेरिकेंतील कृतज्ञतेच्या सणाचा दिवस होता. त्या दिवशीं आईबाप घरीं असतात आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास जवळ कोणी तरी असतें, हा त्यामागील विचार.

त्या प्रसंगांत पक्षी आपण काढलेलीं सर्वांचीं चित्रें वाटतो. हीं चित्रें प्रत्यक्षांतही स्पिनी यांनींच काढलीं होतीं; आईनें जोपासलेला तो हात येथें कामीं आला. शेवटचें चित्र हूपर यांचें. ते आले कीं त्यांना देईन, असें तो म्हणतो. मोठीं माणसें त्याला आठवण देतात कीं, हूपर वारले आहेत, आणि मेलेलीं माणसें परत येत नाहींत. पक्ष्याला हें कळत नाहीं. मग माझा खाऊ कोण करणार, मला गोष्टी कोण सांगणार, असे खास मुलाचे प्रश्न तो विचारतो. असें कां व्हावें, या त्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाहीं. कारण तें मोठ्यांजवळही नाहीं, आणि तसें तीं कबूल करतात. पक्षी हूपर यांचें नांव नेहमीं चुकवीत असे. निरोपाच्या या घटकेसही तो चुकतो आणि भोंवतालचीं माणसें, डोळे भरलेले असतां, पूर्वींप्रमाणेंच त्याची चूक सुधारतात. त्या नटांचे अश्रू खरे होते. पक्ष्याच्या डोळ्यांत अश्रू येण्याची सोय नाहीं. त्याच्या आंतील माणसाचे दोन्ही हात गुंतलेले. स्वतःचे डोळे आले तरी पुसावे कशानें? दुःख दाखवावयाचें तें फक्त मानेच्या कलण्यांतून आणि आवाजांतून. उपदेश न करतां, मरण म्हणजे काय, हें एका बाहुलीनें त्या सकाळीं असंख्य घरांत समजावून दिलें.

पुढें हा प्रसंग प्रत्यक्ष जीवनांतही आला. १६ मे १९९० रोजीं जिम हेन्सन अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं वारले. न्यूयॉर्कच्या एका भव्य चर्चमध्यें त्यांच्या स्मरणार्थ सभा भरली. तेथें मोठा पक्षी एकटाच पुढें आला आणि हेन्सन यांच्या कर्मिट या लाडक्या बेडकाचें गाणें म्हणाला. ज्या माणसानें फसलेल्या खेळांतून आपल्याला वेचून घेतलें, त्याला निरोप देतांनाही स्पिनी पिसांच्या आंतच होते. लोकांना दिसला तो पक्षीच.

सूत्रधाराचें वय मात्र वाढत होतें. २०१५ च्या सुमारास चालतांना तोल जाऊं लागल्यामुळें स्पिनी यांनीं पक्ष्याचें अंगचें काम सोडलें आणि केवळ आवाज देणें चालू ठेवलें. २०१८ सालीं, चौऱ्यायशींव्या वर्षीं, तेंही थांबविलें. पक्ष्याचें काम मॅट व्होगेल यांच्याकडे आणि ऑस्करचें एरिक जेकब्सन यांच्याकडे गेलें. व्होगेल हे कित्येक वर्षें स्पिनी यांच्या हाताखालीं शिकलेले होते. ८ डिसेंबर २०१९ रोजीं स्पिनी निवर्तले. सहा वर्षांचें तें पांखरूं मात्र दुसऱ्या दिवशींही सहा वर्षांचेंच होतें.

कित्येक कलावंतांना आपल्यामागें आपली जागा रिकामी राहावी असें वाटतें. या माणसानें आपल्या हयातींतच ती जागा दुसऱ्याच्या हातीं सोंपविली. कारण पक्षी आपला नव्हे, मुलांचा आहे, हें त्याला ठाऊक होतें. मूल समोरच्यावर पूर्ण विश्वास टाकतें. त्या विश्वासाच्या आड उभें राहून त्याला फसविणेंही सोपें असतें. स्पिनी यांनीं स्वतःला लपविलें, परंतु मुलांपासून सत्य लपविलें नाहीं. मुलाला कांहीं समजावून सांगावयाचें असेल त्या प्रत्येक आईबापानें व शिक्षकानें एवढें एक तरी त्या पिसांच्या आंतल्या माणसापासून शिकण्यासारखें आहे.