पंगत एक, पाने निराळी



आमच्यांत कोणी स्वमग्न आहे, कोणाला अक्षरे जुळत नाहीत, कोणाचे चित्त क्षणभर ठरत नाही, कोणाची समज सावकाश चालते. आणि आमच्यांत या सर्वांचे आईबापही आहेत. मेंदूची घडण निराळी, एवढेच आमचे समान गोत्र.

या गावी १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. आमच्यापैकी कोणी जरा वेगळा वागला, की लोक त्याच इमारतीकडे बोट दाखवितात. जगाने आम्हांला असे एका गाठोड्यात बांधले, आणि त्यातून निसटण्याची धडपड आमच्यांतच सुरू झाली. अक्षरे न जुळणारा मुलगा म्हणतो, "मी मतिमंद नाही हो!" स्वमग्न तरुण म्हणतो, "मला उपचार नकोत, समजूत हवी." त्यावर, जिचा वीस वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही ती आई विचारते, "मग माझ्यामागे याचे काय?" तिघांचेही खरे आहे. परंतु पहिला आपली सुटका करताना नकळत दुसऱ्याला खाली ढकलतो.

१९९५ च्या कायद्यात सात अपंगत्वे होती. स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता त्यांत नव्हत्या. २०१६ च्या कायद्याने एकवीस मानली आणि या दोहोंना जागा दिली. मात्र सरकारी नोकऱ्यांतील किमान चार राखीव टक्क्यांपैकी एकच टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, अध्ययन-अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग या सर्वांत मिळून आहे. चंचल चित्ताचे तर यादीत नावच नाही. वाटा लहान आणि वाटेकरी पुष्कळ, तेथे भाऊबंदकी यायचीच!

पण रत्नागिरीकरांना पंगतीचा अर्थ सांगणे नलगे. १९३१ साली पतितपावन मंदिराचे दार सर्वांना उघडले ते येथेच. एका पंगतीला बसणे म्हणजे सर्वांच्या पानांत एकच पदार्थ वाढणे नव्हे. ज्याला अक्षर जड, त्याला परीक्षेत अधिक वेळ. ज्याला गलबला सोसत नाही, त्याला शांत कोपरा. ज्याला जन्मभर सांभाळ हवा, त्याला आईबापांमागे हक्काचे घर. गरज निराळी, मान एकच.

म्हणून आम्ही आपसांत एक नेम केला आहे: स्वतःची मागणी मांडताना शेजारच्याला उणे लेखायचे नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची मागणी आधी मांडायची.

आपणांकडे मागणे थोडेच. आमच्यापैकी कोणी भेटला, तर "हा कोणत्या प्रकारचा?" असे विचारू नका. "तुला काय लागते?" एवढेच विचारा.