मॅस्टोडॉनवर नियम कोणाचे?

2019च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, आणि नाराज झालेल्या अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाती उघडली. 2016 साली सुरू झालेल्या या जाळ्याला एकच मालक नाही; ते अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलं आहे. अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांसारखे प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे, तरी एकमेकांशी बोलणं चालू. एका पोस्टला साधारण 500 अक्षरं. त्रासदायक मजकूर आधी इशारा देऊन झाकता येतो. पोस्ट वेळेच्या क्रमानं दिसतात. शिवीगाळ पोसणाऱ्या सर्व्हरशी इतर सर्व्हर संबंधच तोडतात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. देखरेख मात्र बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच करतात. तेव्हा बोरिवली-घाटकोपरच्या मंडळींनो, खातं उघडण्याआधी त्या सर्व्हरचे नियम जरूर वाचा.