रोगाआधी रुग्ण



वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीररचना शिकविता येते, औषधांचे गुणधर्म शिकविता येतात. परंतु नीती शिकविता येते काय, हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अध्ययनाच्या आरंभीच शिष्याला आचाराचे नियम घालून दिले आहेत. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हा त्यांपैकीच एक. विद्येच्या आधी व्रत, असा तो क्रम होता.

सेवाग्रामने हा क्रम आधुनिक काळात पुन्हा स्वीकारला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. प्रथेनुसार नवे विद्यार्थी प्रारंभीचा पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, सफाई, श्रमदान करतात. त्याच आवारात परचुरे कुटी आहे. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग जडला, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. जेथे उपचार थांबतो तेथेही शुश्रूषा थांबत नाही, हा धडा ती लहानशी कुटी देते. पुढे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. रुग्ण खाटेवर भेटण्यापूर्वी त्याच्या घरात भेटावा, हा त्यामागील हेतू.

२०१९ पासून देशभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना स्थान मिळाले. रुग्ण असणे म्हणजे काय, याची चर्चा पहिल्याच वर्षी होते. विच्छेदनासाठीचा मृतदेह हा पहिला गुरू मानावा, हेही शिकविले जाते. ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र वर्गात ऐकलेली नीती वॉर्डात ज्येष्ठांच्या वागण्यात दिसली नाही, तर ती उत्तरपत्रिकेपुरतीच उरते.

बालाघाटला हा प्रश्न परका नाही. बैहरच्या जंगलपट्टीतील गोंड वा बैगा रुग्ण गोंदिया-नागपूरच्या इस्पितळात पोहोचतो, तेव्हा त्याच्यापुढे संमतीपत्र येते. त्यावर अंगठा उमटतो. पण संमती मिळते काय? उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितल्यावाचून संमती खरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. सांगणे म्हणजे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणे. ज्याला हे साधत नाही, त्याचे शस्त्र कितीही कुशल असो, विद्या अपुरीच राहिली.

शब्द जपणाऱ्या या वास्तूत एवढेच सांगावेसे वाटते : नव्या वैद्याने रोगाचे नाव शिकण्याआधी रुग्णाचे नाव विचारावे. नीतीचा पहिला पाठ तोच आहे.