भाडेवसुलीतून उभा राहिलेला व्यवसाय

घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा असतो, आणि त्याच्याविषयी दोघांचेही मत सहसा चांगले नसते. कोठे त्याला मेहताजी म्हणतात, कोठे मुनीम, तर कोठे नुसताच भाडेवाला. तो भाडेकरूंना सामील आहे असा मालकाला संशय असतो. तो मालकाचा हस्तक आहे याबद्दल भाडेकरूंना संशयसुद्धा नसतो. छप्पर गळते अशी तक्रार केली तर ‘मालकांच्या कानावर घालतो’ एवढेच त्याचे उत्तर, आणि भाडे थकले तर मात्र तो दुसऱ्याच दिवशी दारात हजर! असल्या कामाला शिक्षण लागते, त्याला स्वतःची नीती असू शकते आणि ते एखाद्या सुविद्य व्यक्तीने आयुष्यभर करावे इतक्या मोलाचे आहे, ही गोष्ट जगाला पटवून दिली ती लंडनमधील एका सव्वीस वर्षांच्या स्त्रीने. तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल.

ऑक्टेव्हियाचा जन्म १८३८ चा. वडील धान्याचे व्यापारी होते, पण तिच्या बालपणीच त्यांचे दिवाळे निघाले आणि कुटुंबाला आजोबांचा आधार घ्यावा लागला. हे आजोबा म्हणजे सार्वजनिक आरोग्यासाठी झटणारे डॉक्टर साउथवुड स्मिथ. गलिच्छ वस्ती आणि रोगराई यांचा संबंध ऑक्टेव्हियाला घरातच ऐकावयास मिळाला. वयाच्या चौदाव्या वर्षी खेळणी तयार करणाऱ्या गरीब मुलींच्या कामावर तिची देखरेख सुरू झाली. त्या मुली कसल्या खोल्यांत राहतात हे तिने त्यांच्या घरी जाऊन पाहिले. पुढे प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यासाठी चित्रांच्या नकला करण्याचे काम तिला मिळाले आणि त्यातून त्यांचा परिचय वाढला. १८६४ साली वडिलांच्या मृत्यूनंतर रस्किन यांच्या हाती मोठी संपत्ती आली. तिचा काही भाग गरिबांच्या घरांसाठी वापरावा असा ऑक्टेव्हियाचा आग्रह होता. रस्किन तयार झाले, परंतु त्यांनी एक अट घातली. हा दानधर्म नसावा. गुंतविलेल्या पैशावर शेकडा पाच टक्के व्याज सुटलेच पाहिजे. व्याज सुटले तरच दुसरे लोक हे अनुकरण करतील, असा त्यांचा हिशेब होता.

१८६५ मध्ये मॅरिलेबोन भागातील पॅरडाइज प्लेस या गल्लीतील तीन घरे छप्पन्न वर्षांच्या पट्ट्याने घेण्यात आली. किंमत ७५० पौंड. नावात स्वर्ग होता, पण प्रत्यक्ष वस्तीची स्थिती नरकाहून बरी म्हणवत नव्हती. प्रत्येक घरात सहा खोल्या आणि बहुधा प्रत्येक खोलीत एक संपूर्ण कुटुंब. भिंतींचे पोपडे गळत होते, जिने अंधारे होते, पाण्याची व मोरीची व्यवस्था बिघडलेली होती. सामाईक जिना कोणाचाच नसल्यामुळे तो कोणीच झाडीत नव्हते. पूर्वीच्या मालकांना भाडे मिळाले तर मिळे, न मिळाले तर बुडे. आणि बुडीत भाड्याची भरपाई ते दुरुस्ती टाळून करीत. भाडेकरूही मग जिन्याचा कठडा सरपणाला वापरीत. दोष कोणाचा प्रथम, हा प्रश्न अंडे आधी की कोंबडी आधी या जातीचा आहे.

ऑक्टेव्हियाने या गुंत्याचे एक टोक धरले, ते भाड्याचे. दर आठवड्याला ती स्वतः दारोदार जाऊन भाडे घेई आणि थकबाकी साचू देत नसे. जे पैसे देण्यास तयारच नव्हते किंवा ज्यांचे वर्तन तिला उघड उघड अनीतीचे वाटले, त्यांना तिने प्रारंभीच जागा सोडावयास लावली. येथपर्यंत तिची रीत कोणत्याही कडक वसुलीदाराहून वेगळी दिसत नाही. वेगळेपण पुढे आहे. रिकामी झालेली खोली स्वच्छ व दुरुस्त करून तेथे त्याच घरातील एखाद्या चांगल्या भाडेकरूला हलवावयाचे. त्याची जुनी खोली मोकळी झाली की तिची दुरुस्ती करावयाची, आणि याप्रमाणे खोलीमागून खोली सुधारीत जावयाचे. सामाईक जिने व बोळ स्वच्छ ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. ते धुण्याचे काम भाडेकरूंच्याच मोठ्या मुलींना मजुरी देऊन सोपविण्यात आले. कामधंदा मंदावला म्हणजे घरदुरुस्तीची किरकोळ कामे बेकार भाडेकरूंना मिळत, म्हणजे हातात भाड्यापुरता पैसा येई.

आणि सर्वांत महत्त्वाचा तो दुरुस्तीचा निधी. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाची एक रक्कम ठरलेली असे. मोडतोड कमी झाली आणि त्यातून पैसा उरला, तर तो कशावर खर्च करावा हे भाडेकरूंनी सांगावयाचे. खिडकीची काच फुटली तर नुकसान मालकाचे, ही भावना त्यामुळे नाहीशी झाली. आपण जपून वापरले तर आपल्याच घरात काही नवी सोय होईल, हे पोराबाळांनासुद्धा कळू लागले. ७५० पौंडांवरील पाच टक्के, म्हणजे सालिना साडेसदतीस पौंड, ही अट पाळून हे सारे साधले. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, रस्किन यांनी जवळच फ्रेशवॉटर प्लेस येथे आणखी घरे घेतली आणि तेथे मुलांच्या खेळण्यासाठी मोकळी जागा राखण्यात आली.

काम वाढले तशी माणसे हवी झाली. ऑक्टेव्हियाने आपल्या हाताखाली स्त्रियांना तयार केले. हिशेबाच्या वह्या, मोऱ्यांची तपासणी, मिस्त्रीकडून काम करवून घेणे, थकबाकीची नोटीस देणे आणि आजारी भाडेकरूच्या दारात उभे राहून दोन शब्द कसे बोलावेत, हे सारे त्यांच्या शिक्षणात येई. १८८४ मध्ये तेथील चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या आयुक्तांनी साउथवर्क भागातील आपली घरे तिच्या हवाली केली. तिची पद्धत १८९६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात तिच्याच नावाची संस्था काढून नेण्यात आली. हॉलंडमधून आलेल्या स्त्रिया तिच्यापाशी शिकून ॲम्स्टरडॅमला परतल्या. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९१६ मध्ये, इंग्लंडातील स्त्री घरव्यवस्थापकांनी आपला संघ स्थापन केला. भाडे गोळा करणे हा आता पेशा झाला होता.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे उचित नाही. दर आठवड्याला दारात येणारी, घराची स्वच्छता डोळ्यांनी टिपणारी आणि जागा सोडण्याची नोटीस देण्याचा अधिकार असलेली सुखवस्तू बाई ही गरीब गृहिणीला केवळ मैत्रीण वाटली असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. ऑक्टेव्हियाच्या दयेमध्ये हुकमत होती. जे भाडे भरूच शकत नाहीत त्यांचे काय, याचे उत्तर तिच्या पद्धतीत नव्हते; नगरपालिकांनी घरे बांधून द्यावीत या कल्पनेला तर तिचा विरोधच होता. बिअॅट्रिस पॉटर, म्हणजे पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या बिअॅट्रिस वेब, यांनी १८८५ मध्ये पूर्व लंडनमधील कॅथरिन बिल्डिंग्ज या इमारतीत भाडेवसुलीचे काम केले. व्यक्तिगत भेटीगाठींनी दारिद्र्याचा प्रश्न सुटेल असा विश्वास त्या अनुभवातून त्यांना लाभला नाही. हा आक्षेप खरा आहे. पण त्यामुळे दुरुस्तीच्या निधीची युक्ती खोटी ठरत नाही.

ती युक्ती किती मोलाची आहे हे मुंबईच्या चाळींकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हे न्याय्यच होते. परंतु महागाई चढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मग त्या भाड्यातून गवंड्याची मजुरीदेखील निघेना. अधिकृत भाडे नाममात्र आणि पागडी मात्र भरमसाट, अशी विचित्र व्यवस्था रूढ झाली. मालकाच्या मेहताजीकडे पावत्या फाडण्याखेरीज काम उरले नाही. अखेर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावे लागले. भाडे, दुरुस्ती आणि विश्वास यांपैकी मधला दुवा तुटला की दोन्ही टोके लोंबत राहतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात या मध्यस्थाला स्वतंत्र स्थान देऊन ‘मालमत्ता व्यवस्थापक’ असे त्याचे वर्णन केले आहे. घरांचा विषय राज्यांचा असल्यामुळे हा केवळ नमुना आहे. तो स्वीकारावा की नाही हे ज्या त्या राज्याने ठरवावयाचे. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, ही त्यातील तरतूद पुष्कळांच्या कानी आली आहे. व्यवस्थापकाविषयीची कलमे मात्र फारशी वाचली जात नाहीत. पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्ती करविणे, जागेची वेळोवेळी पाहणी करणे, थकबाकी, भाडेवाढ वा जागा सोडणे यांच्या नोटिसा देणे आणि तंटे मिटविण्यास साहाय्य करणे ही त्याची कामे म्हणून नोंदलेली आहेत. मालकाने त्याचे नाव, त्याला अधिकार दिल्याचा पुरावा आणि त्या अधिकाराची मुदत भाडेकरूला कळविली पाहिजे. त्याने घरात पाऊल टाकण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी कळवावे, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर जाऊ नये. त्याने कर्तव्याबाहेर वर्तन केल्यास त्याला दूर करावे किंवा त्याच्याकडून झालेल्या नुकसानीची भरपाई घ्यावी, असा अर्ज भाडे न्यायालयापुढे करता येतो. तो अर्ज मालकाने करावा अथवा भाडेकरूने; कायद्याने दोघांनाही तो हक्क ठेवला आहे.