मुहूर्त कुणाच्या सोयीचा?

(नाशिकमध्ये कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सिडको असो की पंचवटी, नवं घर झालं की आधी पंचांग उघडतं. तिथी, नक्षत्र, नवऱ्याची रास, त्याची रजा, गुरुजींची सवड, सगळं जुळवतात. शेवटी कुणीतरी हळूच घरच्या बाईला विचारतं, 'तुझी तारीख कधी?' मुहूर्त हलत नाही, गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली जाते. या गोळ्या हार्मोनच्या असतात. रक्ताच्या गाठीचा किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला त्या धोक्याच्या. पण डॉक्टरला विचारतं कोण?

आणि विधवा सासू? पै-पै साठवून तिने घराला हातभार लावला, तरी वास्तुशांतीच्या पाटावर तिला जागा नाही.

एवढं करून घर कुणाच्या नावावर? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिचीच. महाराष्ट्रात २०२१पासून फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

मुहूर्त पाहायचा त्यांनी जरूर पाहावा. पाळी आली तरी पूजेला बसावं, सासूलाही बसवावं. आणि पंचांगाआधी खरेदीखत उघडून विचारावं, 'यात माझं नाव कुठे आहे?'