घरातला लॅपटॉप : कोणासाठी नि कसला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याने देणारी बाई नव्हे. कार्यवाहबाईंनी मला इथे उभे केले त्याचे कारण एवढेच, की २०२५ च्या दिवाळीत मी माझ्या स्वतःच्या पैशांनी लॅपटॉप घेतला. तेव्हापासून मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंतच्या दहा-बाराजणींनी मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, रिक्षाच्या रांगेत गाठून विचारले, "कुठला घेतलास ग? केवढ्याला पडला?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, यंत्राच्या पोटातले शास्त्र मला सांगता यायचे नाही. पण गिऱ्हाइकाने काय पाहावे ते सांगता येईल. साडी घेताना पदर उलटा करून पाहणाऱ्या, तांदूळ दाताखाली धरून जुना की नवा ते ओळखणाऱ्या आपण बायका. मग पन्नास हजारांच्या वस्तूपुढेच मुकाट्याने का उभ्या राहतो?

"कुठला घेतलास" हा प्रश्न दुसरा. "कोणासाठी" हा पहिला, आणि तोच कोणी विचारत नाही. घरात मिक्सर येतो तो आपल्या नावाने आणि लॅपटॉप येतो तो मुलाच्या नावाने, अशी आपल्याकडची रीत पडून गेली आहे.

आमच्या घरी काय झाले ते सांगते. माझी भिशी लागली. तिचे नि डब्यांतून बाजूला टाकलेले मिळून ५२ हजार जमले. मी जेवताना म्हटले, लॅपटॉप घ्यावा म्हणते. झाले! मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने तिथल्या तिथे मोबाईलवर काळ्या-तांबड्या दिव्यांचा एक गेमिंग लॅपटॉप काढून दाखवला. मुलीला बारावीचे क्लास ऐकायचे. सासूबाईंना ऑस्ट्रेलियातल्या वन्संना मोठ्या पडद्यावर पाहायचे. आणि हे म्हणाले, "तुला कशाला? हातात मोबाईल आहे की." रागाने नव्हे हो, सहजच म्हणाले. पण माझा घास तसाच राहिला.

मला कशाला, ते सांगते. बावीस डबे जातात माझे. कोणाचा शनिवारी बंद, कोणाला दोन पोळ्या जास्त, कोणाचे मागच्या महिन्याचे येणे बाकी. वहीत मांडायचे, महिनाअखेरीस रात्री अकरापर्यंत बेरजा करायच्या, आणि एकाने "मी तर दिलेत" म्हटले की पाने उलटीत बसायचे. मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर महिन्याचे तीस रकाने एका नजरेत दिसत नाहीत. यंत्रात तेच कोष्टक मांडले की बेरीज आपोआप होते. शिवाय मंडळाची सभासदांची यादी, इतिवृत्त, ही कामेही आहेत.

मग मी वाण्याच्या यादीसारखी यादी केली. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचे काम. आणि पहिल्या ओळीत माझे नाव लिहिले. यादी झाल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. हिशेब, पत्रे, क्लास ऐकणे, वन्संशी बोलणे, मुलाचे प्रोग्रॅम लिहिणे, यांतल्या कशालाही गेमिंगचे यंत्र लागत नाही. त्यात चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असते. त्यापायी किंमत चढते, वजन दोन किलोंच्या वर जाते, चार्जर विटेएवढा असतो, आणि खेळ सुरू झाला की पंखा घरघरतो नि बॅटरी भराभर उतरते. एखादीची मुलगी आर्किटेक्टचे शिकत असेल, मुलगा सिनेमाची कापाकापी शिकत असेल, तर ते कार्ड खरेच लागते. त्यांनी जरूर घ्यावे. आमच्याकडे ते फक्त हौसेचे होते. मुलाने चार दिवस तोंड फुगवले. पाचव्या दिवशी तोच माझ्याबरोबर दुकानात आला, आणि खरे सांगायचे तर त्याची मदतही झाली.

आता यंत्राचे. दुकानातला मुलगा पोपटासारखा आकडे म्हणतो. त्यातले तीन आपल्या कामाचे.

पहिला रॅम. हा आपला ओटा. ओटा लहान असला की परात खाली ठेवून पोळ्या लाटाव्या लागतात, तसे रॅम कमी असले की दोन कामे एकदम उघडताच यंत्र रखडते. आज आठ जीबीच्या खाली घेऊ नये. सोळा मिळाले तर पाच-सहा वर्षांची निश्चिंती. मात्र एक विचारून घ्या. पुष्कळ सडपातळ यंत्रांत रॅम आतल्या पाटीला कायमचे डकवलेले असते, पुढे वाढवता येत नाही. रिकामा खाचा आहे का, हे आधीच विचारायचे. ओटा मागून वाढवता येतो का, हे घर घेण्यापूर्वीच पाहतो ना आपण?

दुसरा साठवणीचा, म्हणजे आपले फडताळ. तिथे "एसएसडी" हा शब्द ऐकू आला पाहिजे, आणि ५१२ जीबी असेल तर बरे. अगदी स्वस्त यंत्रांत "ईएमएमसी" नावाची ६४ जीबीची साठवण असते. ती विंडोजच्याच सामानाने भरते, आपल्याला फळी उरत नाही. आणि घरी आणल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. बनवणारे हजाराच्या मापाने मोजतात, विंडोज १०२४ च्या मापाने मोजते. माल तेवढाच असतो. आमच्या शेजारच्या वहिनी या ३६ जीबींसाठी पदर खोचून निघाल्या होत्या, त्यांना मी दारातूनच परत फिरवले.

तिसरा प्रोसेसर, म्हणजे शेगडी. इंटेलचे आय-थ्री, आय-फाइव्ह आणि एएमडीचे रायझेन ही नावे कानावर येतील. नावापेक्षा पिढी पाहा. "आय-फाइव्ह आहे, ताई" एवढ्यावर भुलू नका. बाराव्या पिढीचा आय-थ्री हा सातव्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा आपल्या कामाला सरस ठरतो. रायझेनमध्ये तर आणखी गंमत आहे. ७५२० असा आकडा पाहिला की सात हजारी म्हणून नवा वाटतो. पण त्या मालिकेत आतल्या घडणीची पिढी तिसऱ्या आकड्यात असते, आणि तो तिथे आहे दोन, म्हणजे घडण जुनी. हे मला मुलाने समजावले, आणि मी दुकानात विचारले तेव्हा तो विकणारा मुलगा आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

पिढीवरून जुन्या यंत्रांची गोष्ट निघते. ऑफिसातून काढलेले लॅपटॉप दहा-पंधरा हजारांत देणारे पुष्कळ आहेत. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या भडकमकर मार्गावर, असा माल वर्षानुवर्षे मिळत आला आहे आणि त्यात चांगलाही असतो. परंतु विंडोज दहाला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेहमीचा आधार देणे थांबवले, आणि विंडोज अकरा हे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांनाच रीतसर चालते. तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र स्वस्तात पडले तरी त्यावर बँकेचे व्यवहार करावेत असे मी म्हणणार नाही. नव्यातही काही यंत्रे विंडोजशिवाय विकतात. बिलावर "डॉस" लिहिलेले असते. "आम्ही टाकून देतो" म्हणतात ते बहुधा चोरीचे विंडोज. ऑफिसचे प्रोग्रॅम कायमचे आहेत की वर्षाचे, हेही विचारा. वर्षाचे असले तर पुढच्या वर्षी पुन्हा पैसे. नाहीतर लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि ते शिकवणारे धडे मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतूनही केले आहेत. मी माझे डब्यांचे कोष्टक त्यातच मांडते.

आता मला ज्यावर मनापासून बोलायचे आहे ते. आपल्यातल्या कितीजणी म्हणतात, "अग, मला कुठे इंग्रजी येते? बटणांवर तर सगळी एबीसीडी." मैत्रिणींनो, त्याच बटणांत आपली बाराखडी झोपलेली आहे, तिला नुसते उठवायचे. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी जोडली, की विंडोजचे बटण आणि स्पेस एकदम दाबल्यावर कीबोर्ड मराठी होतो. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्डही आहे. मी मात्र इनस्क्रिप्ट शिकले. ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली प्रमाण ठरवली. तिची रचना अशी शहाणपणाची, की डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. "के"वर क, शिफ्ट दाबले की ख. "आय"वर ग, शिफ्ट दाबले की घ. "एल"वर त, शिफ्ट दाबले की थ. अक्षराचा पाय मोडायचा तर "डी". शाळेत बाईंनी जशी जोडीजोडीने अक्षरे घोकून घेतली तशीच ती तिथे बसलेली आहेत. सातवी पास बाईला याहून जास्त काय लागते? दुपारचे डबे गेल्यावर रोज अर्धा तास बसले. तीन आठवड्यांत बोटे न पाहता चालू लागली. मुलाला अजून इंग्रजी अक्षरांवरूनच मराठी लिहावे लागते, आणि "ज्ञ" आला की तो मला हाक मारतो.

म्हणून दुकानात गेलात की कीबोर्डला हात लावल्याशिवाय परतू नका. उभ्याने नव्हे, खुर्ची मागून घ्या. मी मराठी कीबोर्ड लावून घेतला आणि आमच्या बावीस गिऱ्हाइकांपैकी सहा नावे लिहून पाहिली. एका यंत्राची बटणे इतकी थिटी होती की शिफ्ट दाबायला करंगळी शोधीत फिरत होती, ते सोडले. पडदाही समोरून नव्हे, बाजूने पाहा. स्वस्त पडदे कडेने पाहिले की फिके पडतात, आणि वन्संचा फोन आला की आमच्याकडे चौघेजण शेजारी शेजारी बसतात. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात हेही ध्यानात असू द्या. मी चौदा इंची घेतला, दीड किलोच्या आतबाहेर. ओट्यावरून टेबलावर एका हाताने नेता येतो. अक्षरे बारीक वाटली तर ती मोठी करता येतात, त्यासाठी मोठे यंत्र घ्यायला नको.

पैशांचे थोडक्यात सांगते. "नो कॉस्ट" हप्त्यात व्याज असतेच. ते आधी किमतीतून वजा दाखवतात, पण बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच पदरात येतो. रोखीची सूट किती, हे आधी विचारून मग तुलना करा. पिशवी, माऊस, अँटीव्हायरस फुकट म्हणून मोहरू नका; विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा पहारेकरी असतोच. पक्के बिल घ्या, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरच्या नि यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहा. हमी घरी येऊन दुरुस्त करण्याची आहे, की यंत्र आपण नेऊन द्यायचे, हे आपल्या घोडबंदर रोडवाल्यांनी तरी विचारलेच पाहिजे. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला जाऊन येणे म्हणजे काय ते मी तुम्हांला सांगायला नको. त्यात अर्धा दिवस जातो नि संध्याकाळचे डबे बुडतात. मी थोडे जास्त देऊन घरी येण्याची हमी घेतली. तक्रार करायची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तो बिलाच्या मागे लिहून ठेवा.

आणि आपल्या रस्त्याची धूळ! मेट्रोचे खांब उभे राहू लागल्यापासून आणि ट्रकांच्या रांगांमुळे आपल्या खिडक्यांच्या कठड्यावर बोट फिरवले तर रेघ उमटते. लॅपटॉप खालून वारा ओढतो. गादीवर, उशीवर ठेवला की ती भोके बुजतात, यंत्र तापते आणि मंदावते. पाटावर किंवा टेबलावर ठेवावा. काम झाले की मिटून कपड्याखाली झाकावा. चालू असताना मात्र झाकू नये.

घरी आणल्यावर पहिले काम मी केले ते नावांचे. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते करता येते, वेगळा पासवर्ड. आमच्या यंत्रावर चार नावे आहेत. मुख्य खाते माझे. नवा प्रोग्रॅम घालायचा तर माझा पासवर्ड लागतो. मुलगा हसत म्हणाला, "आई, म्हणजे तू ॲडमिनिस्ट्रेटर." मी म्हटले, असेन. दुपारी तीन ते साडेचार यंत्र माझे. त्या वेळात कोणी मागत नाही. पहिल्या महिन्याचा हिशेब मी रात्री नऊ वाजता मिटवला. ह्यांनी कोष्टक पाहिले, दोन बेरजा स्वतः करून ताडल्या, आणि काही न बोलता आपल्या विम्याच्या हप्त्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला, हेही त्यात मांडशील का म्हणून.

मागल्या बाकावरून चिठ्ठी आली आहे, की चार्जर सतत लावून ठेवला तर बॅटरी बिघडते का? सतत शंभर टक्क्यांवर ठेवल्याने ती लवकर म्हातारी होते खरी. पुष्कळ यंत्रांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय बनवणाऱ्यानेच दिलेली असते. ती चालू करावी, मग लावून ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात वीज जा-ये करते तेव्हा मात्र मी चार्जर काढून बॅटरीवरच काम करते.

ज्यांना माझी यादी पाहायची असेल त्यांनी यावे. तीन ते साडेचार सोडून.