शस्त्रक्रियेनंतरचे महिने



१९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने या शिवाजी पार्क मैदानाला महाराजांचं नाव मिळालं. जवळच परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पेटिट घराण्याच्या दानातून उभं राहिलेलं बाई साखरबाई रुग्णालय आहे. घोड्यांच्या सांध्यांवरची परिषद भरवायला याहून जवळची जागा मला तरी सुचत नाही.

मी माणसांच्या गुडघ्यांचा डॉक्टर. आमची विद्या तुम्हा पशुवैद्यांच्या रुग्णांची ऋणी आहे, हे इथे जाहीरपणे सांगायला हवं. कूर्चेला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. एकदा झिजली की ती पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लंडनमध्ये मांडलं होतं. मग दुर्बिणीतून हाडाच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं पाडायची, आतल्या मज्जेतलं रक्त वर येऊ द्यायचं आणि त्या गुठळीतून नवी ऊती घडू द्यायची, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत कोलोरॅडोच्या फ्रिस्बी, मॅकिलरेथ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली घोड्यांवरच्या अभ्यासातून दाखवलं, की या छिद्रांमुळे कूर्चेतला खड्डा अधिक भरतो. पुढे त्यांच्याच गटाने सांगितलं, की तळाचा चुनकट थर खरवडून काढला तर भरणं आणखी सुधारतं. आज माणसाच्या गुडघ्यात हा थर काढताना आम्ही तेच शहाणपण वापरतो.

पण भरून येते ती बहुतेक तंतुमय कूर्चा. मूळची गुळगुळीत, दाब झेलणारी कूर्चा तशीच्या तशी परतत नाही. आणि ही कोवळी ऊती पक्की व्हायला महिने लागतात. माझ्या रुग्णाला मी कुबड्या देतो, पाय टेकू नका म्हणून बजावतो. साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा मात्र भुलीतून उठतो तोच चारी पायांवर. त्याला समजावणार कोण? बांधून ठेवावं, हळूहळू हाताने फिरवावं, सांधा सुजला तर सकाळीच ओळखावं, हे सारं त्याच्या अश्वपालाच्या हातात असतं. म्हणून या परिषदेत अश्वपाल पाहुणे म्हणून नाहीत, सहकारी म्हणून बसले आहेत.

मला खरी तळमळ आहे ती पुढच्या प्रश्नाची. शर्यतीच्या घोड्याला विश्रांती मिळते. त्याच्यामागे पैसा असतो. माथेरानच्या घोड्याचं काय? तिथे मोटारीला बंदी, म्हणून बरेच पर्यटक आणि बरंच सामान घोड्याच्या पाठीवर. वाट चढ-उताराची, पेव्हर ब्लॉकवर पाय घसरतो अशी घोडेवाल्यांची तक्रार. तो घोडा सहा महिने उभा राहिला तर घरची चूल कशावर पेटणार? त्या घोड्यासाठी उत्तम शस्त्रक्रिया शोधून काढली आणि त्या महिन्यांची सोय केली नाही, तर आपलं काम अर्धं राहिलं असं मी मानतो. विमा असो, सहकारी निधी असो, आलटून-पालटून घोडा देण्याची व्यवस्था असो. यातलं काय जमेल हे घोडेवाल्यांनीच सांगावं.

म्हणून उद्याचं पहिलं सत्र त्यांचं ठेवलं आहे. शस्त्रक्रियेच्या चित्रफिती त्यानंतर. ज्येष्ठ सर्जन मंडळींनी सकाळी वेळेवर यावं आणि पुढच्या रांगांत बसावं, ही यजमान म्हणून माझी हात जोडून विनंती.